हाताशी असलेले दोन तास

"ज्या देशावर संकट आलं त्याने ते निस्तरावं, बाकीच्यांनी कशाला त्यात पडायचं?" आज गप्पांच्या ओघात एक जण सहज बोलून गेला. विषय बदलला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

मला २६ डिसेंबर २००४ आठवला. सुमात्राजवळ समुद्रतळाशी भूकंप झाला. तिथून श्रीलंका आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्सुनामीच्या लाटा पोहोचायला साधारण दोन तास लागले. दोन तास! किनारा सोडून उंचावर जायला पुष्कळ होते. भूकंप झाल्याचं पॅसिफिक महासागरासाठी त्सुनामीचे इशारे देणाऱ्या केंद्राला काही मिनिटांत कळलंही होतं. पण हिंदी महासागरासाठी इशारा यंत्रणाच नव्हती. कोणी कोणाला कळवायचं, हेच ठरलेलं नव्हतं. सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं गेली.

आता भारत, इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया साऱ्या हिंदी महासागराला इशारे देतात. हैदराबादच्या भारतीय केंद्रातून निघालेला इशारा थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या देशांपर्यंत जातो. मला याचं फार अप्रूप वाटतं. लाटेला कुठे सरहद्द कळते?

पण अजून एक टप्पा उरतोच. राजधानीच्या कार्यालयात इशारा आला, तरी वाळूवर जाळं सांधत बसलेल्या माणसाला तो वेळेत कोण सांगणार?