आमसुलांचे पैसे
आमच्या बचत गटात आम्ही अकरा जणी. सुरुवातीला महिन्याचे शंभर रुपये काढतानाही जीव खालीवर व्हायचा. शेजारच्या वहिनींनी गटातून पहिलं कर्ज उचललं ते आमसुलांसाठी. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात टाकायची. पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. अशी सात पुटं दिली की आमसूल काळंभोर, मऊ होतं. सगळं मिरगाच्या पावसाआधी! सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाचा खास माल अशी सरकारी ओळख मिळाली, तरी व्यापारी आमच्या दारातून पडेल भावानेच माल न्यायचा. 'उमेद' या बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाच्या ताईंनी हिशेबाची वही शिकवली. मला वाटतं, खरं काम त्या वहीनेच केलं. यंदा लेकीची कॉलेजची फी वहिनींनी स्वतः भरली. पावती दाखवायला आल्या, तेव्हा बोटं अजून रातांब्यांनी लाल होती.