तुतिकोरिन ते कोलंबो, सव्वातीनशे किलोमीटर

तुतिकोरिनहून कोलंबोला समुद्राखालून जी केबल जाते तिची लांबी साधारण सव्वातीनशे किलोमीटर आहे, म्हणजे सोलापूर-मुंबईपेक्षाही कमी. भारत-लंका केबल सिस्टीम नाव तिचं, २००६ मधे बीएसएनएल आणि श्रीलंका टेलिकॉम या दोघांनी मिळून टाकली. सोलापुरात ना समुद्र ना बंदर, तरी मी हिच्याबद्दल लिहितोय कारण मी फायबरच्या लायनीत आहे, केबल तुटली की मशीन घेऊन जॉइंट मारायला जाणाऱ्यांपैकी, आणि शेजारी-शेजारी देशांना जोडणाऱ्या या छोट्या केबलींची जेवढी किंमत व्हायला पाहिजे तेवढी कुणी करत नाही असं मला मनापासून वाटतं.

सप्टेंबर २०२५ आठवा. लाल समुद्रात जेद्दाहजवळ केबली तुटल्या आणि भारत, पाकिस्तान, यूएई सगळीकडं नेट स्लो झालं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्या मालकांचा फोन, "काय ओ, यूट्यूब पळतंय की मस्त, मग बायरचा व्हिडिओ कॉलच का अडकतोय?" स्पीड टेस्ट लावली तर फुल स्पीड, कारण टेस्टचा सर्व्हर मुंबईत, यूट्यूबचे व्हिडिओ पण देशातल्याच सर्व्हरवरून येतात, तिथपर्यंत सगळं ठणठणीत. अडचण मुंबईच्या पुढं, हजारो किलोमीटर लांब समुद्रात, आणि तिथं आम्ही इथून काय करणार. त्यांना समजावून सांगितलं की तुमचा डेटा आता लांबून वळसा घालून चाललाय, वेळ लागणारच. ऐकून घेतलं त्यांनी, पण समोरचा बायर काय ऐकून घेणार आहे का.

आता यातली खरी गोष्ट बघा. तुटलेल्या केबलींत सी-मी-वी ४ आणि आय-मी-वी, आपल्याला युरोपशी जोडणाऱ्या या दोन्ही मोठ्या केबली होत्या. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमधे अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या होत्या तेव्हाही सी-मी-वी ४ होतीच, सोबत फ्लॅगची केबल, आणि भारताची युरोपकडची निम्म्याहून जास्त लाईन आडवी झाली होती. म्हणजे मधे सतरा वर्षं गेली, केबली वाढल्या, कपॅसिटी कितीतरी पट झाली, पण जागा त्याच, तोच लाल समुद्र आणि तोच इजिप्त. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे, दोन कंपन्यांच्या फायबर कागदावर वेगळ्या पण एकाच चरात शेजारी शेजारी गाडलेल्या, जेसीबीचा एक दात लागला की दोन्ही गेल्या, आणि ज्यानं बॅकअप म्हणून दोन कनेक्शनचे पैसे भरले तो पण बंद. केबली किती आहेत हे मोजून काही होत नाही, त्या कुठून कुठून जातात हे बघावं लागतं. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामकाच्या आकड्यांप्रमाणं २०२२ अखेर भारतात १७ आंतरराष्ट्रीय केबली येत होत्या आणि त्या सगळ्या मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुवनंतपुरम या पाचच शहरांत उतरत होत्या, त्यात पण भार मुंबई आणि चेन्नईवर. एवढा मोठा देश आणि पाच दारं.

म्हणून मला आगरतळ्याचं उदाहरण फार आवडतं. त्रिपुरा तिन्ही बाजूंनी बांगलादेशनं वेढलेलं, आगरतळा तर सीमेला चिकटूनच आहे. तिथलं नेट कुठून यायचं तर मुंबई-चेन्नईला उतरून, अख्खा देश ओलांडून, सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून आसामात आणि मग डोंगरातून खाली, आणि डोंगरात दरड कोसळली किंवा रस्त्याचं काम निघालं की फायबर कट. आणि तिकडं पलीकडं बांगलादेशात कॉक्स बझारला सी-मी-वी ४ उतरलेलीच होती. सात रस्त्याहून नवी पेठेत जायला आधी होटगीला जाऊन यायचं, तसला प्रकार चालला होता सगळा. शेवटी २३ मार्च २०१६ ला बांगलादेशकडून १० जीबीपीएस बँडविड्थ घेऊन सीमेपलीकडच्या आखौरामार्गे आगरतळ्यात आणली, आणि मुंबई-चेन्नईनंतर भारताचं तिसरं इंटरनेट गेटवे म्हणून त्या गावाचं नाव लागलं. गंमत म्हणजे बेनापोलच्या सीमेवरून बांगलादेश भारताकडून बँडविड्थ घेतं, त्यांची समुद्रातली केबल गेली की तोच आधार. एका सीमेवर आपण दिली, दुसऱ्या सीमेवर त्यांच्याकडून घेतली. असं पाहिजे. सरकारांचे संबंध ताणले की पहिली खीळ असल्याच कामांना बसते याचं वाईट वाटतं, कारण त्रास होतो तो आगरतळ्यातल्या पोरांना, ज्यांचा यात काही संबंध नाही.

श्रीलंकेच्या केबलकडं परत येतो. फायबर म्हणजे काचेचा धागा, डेटा त्यातून प्रकाश होऊन जातो, आणि काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे तुतिकोरिन-कोलंबो जाऊन यायला तीनेक मिलीसेकंद. तोच डेटा सिंगापूरला जाऊन आला तर? चेन्नई ते सिंगापूरच तीन हजार किलोमीटरच्या वर आहे, तिथून परत कोलंबोला, हिशोब साठ मिलीसेकंदाच्या पुढं जातो. शेजाऱ्याशी बोलायला एवढा फेरा. छोट्या केबलचा अजून एक फायदा, जो माझ्यासारख्याला लगेच दिसतो, तो म्हणजे लांबच्या केबलीत दर ६० ते १०० किलोमीटरवर समुद्राच्या तळाशी रिपीटर, म्हणजे कमजोर झालेला सिग्नल परत वाढवणारी मशीनं, लागतात आणि त्यांना किनाऱ्यावरून हजारो व्होल्टनं करंट द्यावा लागतो. तीन-साडेतीनशे किलोमीटरच्या आतलं काम रिपीटर न टाकता पण करता येतं, मग सगळं मशीन दोन्ही किनाऱ्यांवर कोरड्यात, पाण्यात नुसती केबल. पुढं स्पीड वाढवायची तर समुद्राला हात लावायची गरज नाही.

आणि एकच केबल असली की काय होतं ते टोंगानं भोगलंय. फिजी या शेजाऱ्याशी जोडणारी ८२७ किलोमीटरची एकुलती एक केबल, १५ जानेवारी २०२२ ला समुद्रातला ज्वालामुखी फुटला आणि ती तुटली. लाखभर वस्तीचा देश, आणि परदेशातल्या नातेवाइकांना आपली माणसं जिवंत आहेत का हे पण कळेना. दुरुस्तीचं जहाज पापुआ न्यू गिनीहून निघालं, केबल जोडून व्हायला पाच आठवडे लागले. आमच्याकडं ओटीडीआर (फायबरमधे प्रकाश सोडून ब्रेक शोधणारं मशीन) लावला की ब्रेक किती किलोमीटरवर आहे ते कळतं, मोहोळच्या अलीकडं का पलीकडं, गाडी काढायची, खड्डा उकरायचा, स्प्लाइस करायचं म्हणजे काचेला काच जोडायची. समुद्रात पण पद्धत मुळात तीच, पण आधी तळाशी आकडा टाकून केबलचं टोक हुडकायचं, ते डेकवर ओढायचं, बोया (तरंगतं पिंप) लावून तरंगत ठेवायचं, दुसरं टोक आणायचं, मधे नवीन तुकडा घालायचा आणि परत सोडायचं, सगळं हलत्या जहाजावर. केसाएवढी बारीक काच जोडताना हात किती स्थिर लागतो ते मला माहिती आहे, त्या लोकांबद्दल मला फार आदर आहे. आणि बहुतेक वेळा कारण काय असतं, तर मच्छीमारीची जाळी नाहीतर जहाजाचा नांगर, ज्वालामुखी वगैरे क्वचितच.

आता सोलापूरचं. आपलं गाव नकाशावर नशीबवान आहे, एकीकडं पुणे, दुसरीकडं हैदराबाद, खाली विजयपूर. तरी अजून बरेच जण सगळी लाईन पुण्याकडूनच घेतात कारण स्वस्त पडते, आणि हायवेला टेंभुर्णी-इंदापूरकडं कुठं खोदाई निघाली की अर्धं गाव बंद. ज्यांचा धंदा नेटवर चालतो, गारमेंटवाले, टॉवेलवाले, घरून काम करणारी पोरं, त्यांनी आपल्या ऑपरेटरला एवढंच विचारा की दुसरी लाईन हैदराबादकडून आहे का, आणि असली तर गावात शिरताना ती पहिलीच्याच चरातून तर येत नाही ना. नुसतं 'हो आहे' म्हणाला तर रूटचा नकाशा मागा, चांगला ऑपरेटर दाखवतो.