बेस शिकणाऱ्या मुलांसाठी: आठवीपासून कॉलेजच्या बँडपर्यंत

बेसचा, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या चार तारांच्या गिटारचा, हट्ट मुलं साधारण आठवी-नववीत धरतात. घरचे मग ‘आधी साधी गिटार शिक, बेसला काय, चारच तारा’ म्हणत सहा तारांची गिटार आणून देतात. थेट बेसच द्यावा. त्याला हात वेगळा लागतो आणि कानही.

नेहमीच्या बेसची तार नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा टेकतात ती पट्टी) ३४ इंच असते. पहिल्या फ्रेटपासून (मानेवरची धातूची आडवी पट्टी) चौथा जवळपास १३ सेंटीमीटरवर. चार फ्रेटवर चार बोटं ताणली की मनगट वाकतं, अंगठ्याच्या बुडाशी दुखू लागतं आणि बेस कपाटावर जातो. ३० इंची शॉर्ट स्केल, म्हणजे आखूड तारांचा बेस, घेतला तर तेच अंतर साडेअकरा सेंटीमीटरच्या आत येतं. नटजवळच्या फ्रेटवर तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढीच वापरावीत. अनामिका करंगळीच्या आधाराला.

जाड ई तारेची कंपनं सेकंदाला ४१. मोबाइलच्या स्पीकरमधून एवढा खालचा सूर नीट येतच नाही, म्हणून गाणं बसवताना हेडफोन हवेत. तरी ओळ उलगडेना, तर सॉफ्टवेअरमध्ये गाणं एक सप्तक वर चढवावं आणि वेग ७५ टक्क्यांवर आणावा.

तबला शिकलेल्या मुलांना लय धरताना फार फायदा होतो, कारण सम त्यांच्या अंगात असते. मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ४० ठोक्यांवर लावायचा आणि त्याचे ठोके दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडताहेत असं धरून ८० च्या लयीत वाजवायचं. ‘एक’ स्वतःच धरावा लागतो. सुरुवातीला हटकून घसरण होते आणि ठोके पहिल्या-तिसऱ्यावर येऊन बसतात. थांबून पुन्हा धरायचं. ए तार (ई च्या शेजारची) वाजताना ई तार अंगठ्याने दाबलेली हवी, नाहीतर तीही मागे घुमत राहते.

कॉलेजात पहिली गाठ गायकाच्या पट्टीशी. गायिका ‘काळी चार’ (पेटीची चौथी काळी पट्टी) म्हणाली की ई तारेचा चौथा फ्रेट डोळ्यांसमोर यायला हवा. ‘काळी एक’ म्हणजे ए तारेचा चौथा. उघड्या (बोट न दाबता वाजवलेल्या) तारांवर बसवलेली ओळ पट्टी बदलली की मोडते, म्हणून प्रत्येक ओळ उघड्या तारेशिवायही बसवून ठेवावी.

दुसरी अडचण आवाजाची. घरी मिड्स (मधले सूर) कापलेला आवाज भारी वाटतो. ड्रम आणि गिटारचं डिस्टॉर्शन (मुद्दाम खरखरीत केलेला आवाज) सुरू झालं की तोच बेस गायब. मग व्हॉल्यूम चढतो आणि हॉल नुसता घुमतो. त्यापेक्षा २५० हर्ट्झच्या आसपास थोडं कमी करावं, ७००-८०० ला थोडं वाढवावं. तालमीत गिटारच्या छोट्या अँपमध्ये बेस मोठ्याने वाजवू नये: खालच्या सुरांना स्पीकरचा कोन (आतला हलणारा पडदा) मर्यादेबाहेर हलतो आणि स्पीकर फाटतो. अँप नसेल तर डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल मिक्सरला जुळेल असा करणारी छोटी पेटी) थेट मिक्सरला द्यावं.

आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो महोत्सवातल्या लाइव्हवायरसारख्या बँड-स्पर्धेत बँडमागून बँड चढतात, दुरुस्तीला वेळ नसतो. बेस अ‍ॅक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) असेल तर केबल खोचलेली असेपर्यंत ती ९ व्होल्टची बॅटरी खर्च होत राहते. संपत आली की आवाज आधी फाटतो, मग पार जातो. तालीम संपताच केबल काढावी. नवी बॅटरी आणि ती बदलायला स्क्रूड्रायव्हर बॅगेत असावाच.