अल्फामा, वरून खाली: लिस्बनच्या सर्वात जुन्या वस्तीतली पायपीट

अल्फामा बघायचं तर आधी टेकडीच्या माथ्यावर जा आणि मग तेजू नदीच्या दिशेनं रमतगमत उतरा. गुडघे वाचतात हा एक फायदा. दुसरा असा की बहुतेक लोक वरूनच फोटो काढून परत फिरतात, आणि आपल्या इतिहासाशी नातं सांगणाऱ्या दोन जागा नेमक्या खाली नदीकाठी आहेत.

वर जायला सगळे पिवळी २८ नंबरची ट्राम पकडतात. ट्राम देखणी आहे, वळणांवर अशी करकरते की मजा येते. पण गर्दीच्या वेळी आत पाय ठेवायला जागा नसते आणि खिसेकापूंचं ते आवडतं कार्यक्षेत्र आहे. हौस असेल तर मार्तिम मुनीझच्या पहिल्या थांब्यावर सकाळी लवकर जा. नाहीतर फुकटच्या लिफ्ट वापरा. खालच्या बायशा भागात रुआ दुश फांकेइरुश नावाच्या रस्त्यावर एका साध्या इमारतीत पहिली लिफ्ट आहे. तिथून बाहेर पडलं की जवळच एका सुपरमार्केटच्या इमारतीतली दुसरी लिफ्ट थेट किल्ल्याच्या उतारापर्यंत पोचवते. स्थानिक आज्या भाजीच्या पिशव्या घेऊन याच वाटेनं वर जातात.

सांव जॉर्ज किल्ल्याबद्दल माझं मत लोकांना पटणार नाही. गडकोटांवर वाढलेल्या मराठी माणसाला इथे फार काही हाती लागत नाही. आज दिसणाऱ्या तटबुरुजांचा बराचसा भाग १९३८ ते १९४०च्या सुमारास, हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत नव्यानं उभारलेला आहे. आतल्या उत्खननात मूरांच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिमांच्या, घरांचे पाये उघडे केलेत, ते पाहायचे असतील तर तिकीट जरूर काढा. नुसता देखावा हवा असेल तर थोडं खाली पोर्ताश दु सोलच्या सज्जावर उभं राहा. लाल कौलांची उतरंड, मधूनच वर आलेले चर्चचे पांढरे मनोरे आणि पलीकडे समुद्राएवढी रुंद नदी. पैसे लागत नाहीत.

या कौलांखालच्या गल्ल्या अशा वेड्यावाकड्या का, याचं उत्तर मूरांच्या काळात आहे. आठव्या शतकापासून हे शहर त्यांच्या ताब्यात होतं. ११४७ मध्ये पोर्तुगालच्या आफॉन्सू हेन्रीकेश राजानं पवित्र भूमीकडे निघालेल्या क्रुसेडरांना, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांना, वाटेत थांबवून, त्यांच्या मदतीनं काही महिन्यांच्या वेढ्यानंतर ते घेतलं. लगोलग कॅथीड्रलचं काम सुरू झालं; त्याचे दोन जाडजूड मनोरे चर्चपेक्षा गढीलाच जास्त शोभतात. पुढे पैसेवाले पश्चिमेकडे सरकले आणि अल्फामा कोळी आणि खलाशांचा झाला. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, ऐन सणाच्या सकाळी, भूकंप झाला. मग लाटा आल्या, आग लागली. शेजारचा बायशा भाग साफ झाला आणि काटकोनात आखून पुन्हा बांधला गेला. अल्फामातही पडझड झाली, चर्चं कोसळली, पण गल्ल्यांची जुनी वीण टिकली.

पोर्ताश दु सोलवरून लगेच खाली न उतरता थोडी वाट वाकडी करून सांव व्हिसेंत द फोरा मठात जा. इथे ब्रागान्सा राजघराण्याचं दफनस्थान आहे आणि त्यात कातरिना द ब्रागान्सा आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी तिचं लग्न ठरलं तेव्हा, १६६१च्या करारात, हुंड्यात मुंबई बेट दिलं गेलं. ज्या बाईच्या लग्नापायी आपल्या लोकलचा, भाड्याचा आणि गर्दीचा पुढचा सगळा इतिहास घडला, तिच्यासमोर मी बराच वेळ उभा होतो. शेजारून जाणाऱ्या पर्यटकांना तिचं काहीच नव्हतं.

मठामागे पांढऱ्या घुमटाचा राष्ट्रीय पँथेऑन, म्हणजे देशातल्या थोरांचं समाधिस्थान, आहे. बांधकाम १६८२ मध्ये सुरू झालं, संपलं १९६६ मध्ये. आपल्या उड्डाणपुलांना नावं ठेवणाऱ्यांनी एकदा बघून यावं. आत वास्को द गामाचं स्मारक आहे, पण कबर नाही. ती शहराच्या पश्चिमेला, बेलें भागातल्या मठात. फादू या पोर्तुगीज विरहगीतांची गायिका आमालिया रॉद्रिगेश मात्र खरोखर इथेच आहे. सोमवारी पँथेऑन बंद असतो. मंगळवारी किंवा शनिवारी गेलात तर बाहेरच्या मैदानात फेइरा द लाद्रा हा जुना बाजार भरलेला असतो: फुटक्या निळ्या टाइल्स, कुणाच्या तरी आजोबांची पदकं, काटे नसलेली घड्याळं. टाइल्स घेताना जपून, त्या जुन्या घरांच्या भिंतींवरून चोरलेल्याही असतात.

इथून पुढे नकाशा खिशात ठेवा. उतार नदीकडेच नेतो. माझ्या डोक्यावर वाळत घातलेल्या चादरीतून पाणी ठिबकलं. वर बघितलं तर खिडकीतल्या बाईनं हात हलवला आणि पुढचा चिमटा लावला. सांव मिगेल चर्चच्या आसपास काही दारांत स्टुलावर बाटली मांडून बायका जिंजा विकतात. ही आंबट चेरीची दारू इवल्याशा पेल्यात मिळते. गोड लागते म्हणून फसू नका, चढते.

फादू ऐकायचं असेल तर नदीजवळचं फादू संग्रहालय आधी बघा (सोमवारी बंद), म्हणजे रात्री कानाला काहीतरी ओळखीचं लागेल. फादूघरात शिरण्यापूर्वी किमान किती रुपयांचं, म्हणजे युरोचं, खावं लागेल ते विचारा. न मागता टेबलावर आलेला पाव, चीज, ऑलिव्ह खाल्लं तर बिलात लागतं; नको असेल तर परत पाठवा, कुणी रागावत नाही. दिवे मंदावले की काटेचमचे खाली ठेवायचे आणि बोलणं बंद. शाकाहाऱ्यांनी काल्दू व्हेर्द हे पालेभाजीचं सूप मागवताना सॉसेज नको असं आधीच सांगावं, नाहीतर एक चकती तरंगत येते.

खाली नदीकाठच्या रस्त्यावर शाफारीश द एल-रेइ हा तेराव्या शतकातला सार्वजनिक झरा आहे. सोळाव्या शतकात इथे कुणी कुठल्या तोटीवर पाणी भरायचं याचा हुकूमच होता: गुलाम, मूर, गोरे, प्रत्येकाची तोटी वेगळी. चवदार तळ्याचा इतिहास माहीत असलेल्याला आणखी काही समजावून सांगायला नको.

दोनतीन मिनिटं पश्चिमेला गेलं की काझा दुश बिकुश लागतं. टोकदार दगडांनी मढवलेला त्याचा दर्शनी भाग दुरूनच ओळखू येतो. १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या आफॉन्सू द आल्बुकेर्कच्या मुलानं, ब्राशनं, १५२३ मध्ये हे घर बांधलं. आता तिथे जुझे सारामागूचं प्रतिष्ठान आहे आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्या नोबेलविजेत्या लेखकाची रक्षा. मला आल्बुकेर्कच्या घरापुढे त्याचं असणं फार आवडलं.

राहायची सोय इथेच करायचा मोह होईल. पण चाकाची बॅग दगडी पायऱ्यांवरून ओढत न्यावी लागते, टॅक्सी बऱ्याच गल्ल्यांत शिरत नाही, आणि पर्यटकांच्या भाड्याच्या खोल्यांपायी जुने रहिवासी इतके बाहेर पडले की पालिकेनं २०१८ मध्ये इथे नव्या परवानग्या थांबवल्या. बायशात राहा, चालत या. १२ जूनच्या रात्री, संत अँथनीच्या सणाला, येणार असाल तर खोली काही महिने आधी धरा. त्या रात्री गल्लीगल्लीत सार्डिन भाजतात आणि धुराचा वास दुसऱ्या दिवशीही कपड्यांना असतो. पकड असलेले बूट घाला, पावसात हे गुळगुळीत दगड बर्फासारखे होतात. परतीची मेट्रो सांता आपोलोनिया किंवा तेरेइरु दु पासू स्थानकावरून मिळते, दोन्ही निळ्या मार्गावर.