तेवढ्यापुरती मांडी

गुरुवार, रात्री. कोल्हापूर.

उद्या सकाळी सहाला निघायचे आहे. पुण्यापर्यंत सुमारे २३० किलोमीटर गाडीने, रात्री कोथरूडला मावशीकडे मुक्काम आणि परवा पुण्याहून विमानाने दिल्ली. चिऊचा हा पहिलाच लांबचा प्रवास आहे. ती तेवीस महिन्यांची आहे आणि येत्या मंगळवारी, दिल्लीत तिच्या मामाच्या घरी, ती दोन वर्षांची होईल. हा मंगळवार तिकिटे काढताना आडवा आला. दोन वर्षांखालच्या मुलाला विमानात स्वतंत्र जागा नसते. त्याने मोठ्या माणसाच्या मांडीवर बसायचे असते. दोन वर्षे पूर्ण झाली की त्याच मुलाला स्वतःची खुर्ची, स्वतःचा पट्टा आणि जवळजवळ मोठ्या माणसाइतके तिकीट. त्यामुळे चिऊ जाताना माझ्या मांडीवर आणि येताना माझ्या शेजारच्या खुर्चीत, अशी एकाच प्रवासाची दोन वेगळी तिकिटे काढावी लागली.

गाडीचे मात्र नेमके उलटे आहे. गाडीत मांडी चालत नाही, आणि हे घरात पटवून देताना माझे दोन महिने गेले. आमच्याकडे आजवर लेकरू गाडीत आजीच्या मांडीवरच बसत आले आहे. त्यामुळे मुलांची सीट घरात आली तेव्हा आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिच्याभोवती एक फेरी मारून विचारले, "असलं खुर्चीला बांधून न्यायला लेकरू काय कैदी हाय व्हय?" आणि ती सीट मागच्या बाजूला तोंड करून बसवतात हे कळल्यावर त्यांनी पुढे काही बोलणेच सोडून दिले. चिऊचे बाबा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत असतात, त्यांना आकड्यांनी बोलण्याची सवय आहे. त्यांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला: गाडी ताशी ५० किलोमीटरने जात असताना धडकून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर ११ किलोचे मूल त्या क्षणी २०० किलोंहून अधिक जोराने पुढे ओढले जाते, आणि ते गंगावेस तालमीतल्या पैलवानालाही हातांनी धरून ठेवता येणार नाही. तोंड मागे करण्याचे कारणही त्यांनी सांगितले. या वयात डोके शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. मूल मागे तोंड करून बसलेले असले की समोरून बसणारा धक्का सगळ्या पाठीवर पसरतो, एकट्या मानेवर येत नाही. आईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "इतका हिशेब करून कोण गाडीत बसतंय?"

कायद्याचा दाखला देऊनही उपयोग झाला नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट न लावता गाडी चालवली तर एक हजार रुपये दंड आहे, पण तो दंड झालेला एकही माणूस आमच्या ओळखीत नाही.

चिऊची समजूत तुलनेने लवकर पटली. सीट आठवडाभर दिवाणखान्यात ठेवली, त्यात बसून तिने दशमी खाल्ली, बाहुलीला पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला. मग सीट गाडीत बसवली. आमच्या गाडीच्या मागच्या सीटच्या फटीत यासाठीचे दोन लोखंडी आकडे आहेत, ते आयसोफिक्सचे असतात, हे गाडी घेऊन पाच वर्षे झाली तरी आम्हांला ठाऊक नव्हते. रंगीत तालीम म्हणून पन्हाळ्याला जाऊन आलो. उतरताना वाघबीळच्या वळणांवर चिऊला उलटी झाली. प्रवासात मळमळण्याचा त्रास साधारण दोन वर्षांच्या आत फारसा दिसत नाही आणि त्यानंतर वाढत जातो असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणजे हीसुद्धा दोन वर्षांची अट आमच्या लेकीने वेळेआधीच पूर्ण केली. कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतो आहोत, आणि डोळ्यांसमोर मात्र गाडीच्या आतला न हलणारा भाग असतो. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की पोट ढवळते. त्यामुळे उद्या दूध निघायच्या तासभर आधी, वाटेत थोडे थोडे कोरडे खाणे, आणि चित्रांची पुस्तके गाडीत नाहीत. नाचणीचे लाडू, दशम्या आणि केळी घेतली आहेत. जयसिंगपूरचे भडंग मामासाठी वेगळ्या पिशवीत, तळाशी ठेवले आहे, कारण त्यात शेंगदाणे असतात आणि चालत्या गाडीत या वयाच्या मुलाच्या घशात शेंगदाणा अडकला तर मागे वळून बघेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

शुक्रवार, पुणे.

सहाला निघायचे ठरले होते, पावणेसातला निघालो. तावडे हॉटेलचा चौक ओलांडून महामार्गाला लागेपर्यंत चिऊ गप्प होती. किणीचा टोलनाका गेल्यावर रुंदीकरणाच्या कामामुळे गाडी मुख्य रस्ता सोडून सेवा रस्त्यावर, तिथून पुन्हा मुख्य रस्त्यावर अशी हेलकावत जाऊ लागली आणि ती पूर्ण जागी झाली.

उसाचा हंगाम ऐन भरात आहे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेने रांगेने चालले होते, आणि ट्रॅक्टर हा चिऊचा सध्याचा सर्वांत आवडता शब्द आहे. मी तिच्या शेजारी बसले होते. पुढे ट्रॅक्टर दिसला की मी सवयीने म्हणत होते, "चिऊ, तो बघ ट्रॅक्टर," आणि ती मान ताणून शोधत होती, पण तिला काहीच दिसत नव्हते. आम्ही त्याला ओलांडून पुढे गेलो की मग तो मागच्या काचेत अवतरायचा, आधी ट्रॉलीतले उसाचे तुरे, मग इंजिन, मग चालकाचा मफलर, आणि लहान लहान होत जायचा. मला जे येत होते ते तिच्या लेखी अजून नव्हतेच, आणि माझे जे संपले होते ते तिचे नुकते सुरू होत होते. पेठनाक्यापर्यंत माझ्या हे ध्यानात आले नाही. त्यानंतर मी ट्रॅक्टर मागे पडल्यावरच बोलू लागले आणि तिची चिडचिड थांबली.

दर दोन तासांनी थांबायचे असे ठरवले होते, प्रत्यक्षात तासाभरातच थांबावे लागले. कऱ्हाडच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात चिऊ पंधरा मिनिटे नुसती धावली. चिऊच्या बाबांना कोल्हापूर-पुणे किती वेळात गाठले याचा जुना अभिमान आहे आणि तो हिशेब ते मनातल्या मनात करत होते हे मला दिसत होते. तासवडे, आनेवाडी असे टोलनाके मागे पडत गेले तसा तो त्यांनी सोडून दिला. खंबाटकीच्या बोगद्यात चिऊने "अंधार!" म्हणून टाळ्या वाजवल्या. खेड शिवापूरच्या अलीकडे तिने पट्ट्याविरुद्ध खरे बंड पुकारले. तो अर्धा तास मी तिला फोनवर कार्टून दाखवले, आणि त्याचे मला काही वाईट वाटत नाही. एकूण सात तास लागले आणि उलटी एकदाही झाली नाही.

शनिवार, दिल्ली.

विमानात हवाईसुंदरीने माझ्या पट्ट्यात ओवायचा एक छोटा जोडपट्टा आणून दिला, तो चिऊच्या कमरेभोवती बांधला आणि तिला मांडीवर बसवले. काल जी मांडी धोक्याची होती ती आज नियमाने बरोबर ठरली होती. हा प्रश्न मला एकटीलाच पडलेला नाही. अमेरिकेचे विमान वाहतूक प्रशासन दोन वर्षांखालच्या मुलालाही वेगळ्या जागेत, मान्यताप्राप्त सीटमध्ये बसवावे असेच आग्रहाने सांगते, पण त्याची सक्ती करायची नाही असे त्यांनी २००५ मध्ये ठरवले. त्याचे कारण मोठे विचार करायला लावणारे आहे: मुलाचे वेगळे तिकीट सक्तीचे केले तर अनेक कुटुंबे खर्चापायी विमान सोडून गाडीने जातील, आणि रस्त्यावरचा धोका विमानातल्या मांडीपेक्षा कितीतरी मोठा आहे. म्हणजे विमानातली मांडी सुरक्षित आहे म्हणून नव्हे, तर रस्ता त्याहून वाईट आहे म्हणून ती चालवून घेतली जाते.

उड्डाणाचा त्रास झाला नाही. उतरण्याची मला धास्ती होती. उंचावर असताना विमानातल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असतो तेवढा, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही विरळ हवेचा असतो. विमान खाली येऊ लागले की तो दाब वाढतो, पण कानाच्या पडद्यामागची हवा तशीच राहते. कान घशाशी जोडणारी नळी लहान मुलांमध्ये अरुंद आणि आडवी असते. चढताना हवा तिच्यातून सहज बाहेर पडते, उतरताना मात्र गिळल्याशिवाय ती नीट उघडत नाही. झोपेत मूल फारसे गिळत नाही. त्यामुळे सव्वादोन तासांच्या प्रवासातला शेवटचा अर्धा तास उरला असताना, जगातली कुठलीही शहाणी आई करणार नाही ती गोष्ट मी केली आणि गाढ झोपलेल्या मुलीला उठवले. ती रडली. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी दोनदा मागे वळून पाहिले. मी क्षमा मागितली नाही, कारण रडतानाही मूल गिळते आणि कान उघडतात. मग तिने नळीच्या पेल्यातून पाणी प्यायले, घोट घोट, चाके जमिनीला लागेपर्यंत.

आता लिहायचे ते लिहिते.

मुलांची सीट आम्ही पुण्यात गाडीतच ठेवून आलो आहोत. ती आठ-नऊ किलोंची आहे, विमानात सामान म्हणून देता आली असती, पण दोन बॅगा, भडंगाची पिशवी आणि चिऊ एवढे आमच्या चार हातांना पुरेसे होते. विमानतळाबाहेर दादा टॅक्सी घेऊन उभा होता. माझ्या मनात काय चालले आहे हे त्याला कळले असावे, कारण तो म्हणाला, "अगं, पाऊण तासाचा तर प्रश्न आहे, तेवढ्यापुरतं घे मांडीवर." मी घेतले. दुसरे काय करणार होते ते मला तेव्हा सुचले नाही आणि आताही सुचत नाही. टॅक्सी मोकळ्या रस्त्यावर चांगली ऐंशीने चालली होती. मी चिऊला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते आणि त्या घट्ट धरण्याचा किती उपयोग आहे याचा हिशेब मला पाठ होता. चिऊ मात्र फार खूश होती. किती दिवसांनी तिला पुढचे दिसत होते.

मंगळवार, दिल्ली.

चिऊ दोन वर्षांची झाली. मामाने केक आणला, तिने फक्त वरची मेणबत्ती मागितली. थंडी कोल्हापुरात कधी अनुभवली नव्हती अशी आहे.

रविवार, रात्री. कोल्हापूर.

परतीचे विमान शुक्रवारी धुक्यामुळे तीन तास उशिरा सुटले. तीन तास विमानतळावर दोन वर्षांच्या मुलीबरोबर काढणे याबद्दल मी काही लिहिणार नाही. सरकत्या जिन्यावरून आम्ही किती वेळा वर-खाली केले ते मोजायचे मी सोडून दिले.

लिहायचे आहे ते खुर्चीबद्दल. गेल्या शनिवारी जी मुलगी नियमाने मांडीवर बसली होती, तिला या शुक्रवारी नियमाने मांडी बंद झाली होती. तिला ते मान्य नव्हते. मधल्या सहा दिवसांत तिच्यात असा काही फरक पडला नव्हता की तिने तो मान्य करावा. विमान धावपट्टीकडे वळले तेव्हा ती पट्ट्याखालून सटकत, माझ्याकडे हात करून आक्रोश करत होती, आणि मी तिच्या पोटावर हात ठेवून तिला खुर्चीत दाबून बसवले होते. मोठ्या माणसांचा पट्टा तिच्या कमरेला कितीही आवळला तरी सैलच राहत होता. गाडीच्या सीटचे पाच बाजूंनी बांधणारे पट्टे मला त्या वेळी फार आठवले. विमान वर गेल्यावर, पट्ट्याचा दिवा विझल्यावर ती माझ्या मांडीवर आली आणि झोपली. उतरायच्या आधी पुन्हा उठवायचे, पुन्हा खुर्चीत, पुन्हा तोच आक्रोश. कान दुखले नाहीत हे खरे.

काल पुण्याहून गाडीने येताना तिने सीटवर बसायला एका शब्दाने विरोध केला नाही. सीटच्या दोन्ही बाजूंना हात लावून पाहिले, बाहुलीला शेजारी घेतले, आणि मागच्या काचेतून पुणे लांब जाताना बघत राहिली. कऱ्हाडनंतर मात्र नाचणीचा लाडू आणि दूध, दोन्ही तिने सीटवर काढले.

आज सकाळी आईंनी सीटचे कव्हर काढून धुतले. ते काढताना पट्टे कोणत्या फटीतून कसे आले आहेत हे कोणीच पाहून ठेवले नाही, त्यामुळे संध्याकाळी माहितीपुस्तिकेची शोधाशोध झाली आणि ती दिल्लीच्या बॅगेत, स्वेटरांच्या खाली सापडली. कव्हर अजून ओले आहे. उद्या सकाळी दहाला चिऊला डॉक्टरांकडे न्यायचे आहे, तिचा खोकला दिल्लीपासून आहे. दवाखाना राजारामपुरीतच, दीड-दोन किलोमीटरवर आहे. जेवताना आई म्हणाल्या, "वाळलं नाही तर राहू दे की गं, तेवढ्यापुरतं मी घेते मांडीवर."

मी काही बोलले नाही. दिल्लीच्या टॅक्सीबद्दल मी त्यांना अजून सांगितलेले नाही. कव्हर दिवाणखान्यात पंख्याखाली दोन खुर्च्यांवर पसरले आहे आणि पंखा पाचवर ठेवला आहे.