एकेरी तिकिटाचा पाठलाग: जाताना बार्सिलोना, येताना मायामी (नोंद, जानेवारी २०२६)

जहाज जवळपास ठरलंय, घोडं विमानात अडलंय. ऑक्टोबरच्या शेवटी बार्सिलोनाहून निघायचं, स्पेनचं एखादं बंदर आणि कॅनरी बेटं करून अटलांटिक ओलांडायचा आणि नोव्हेंबरच्या मध्यात फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलला उतरायचं. मी आणि ताई, एक केबिन, खिडकीविना. बाल्कनी असावी असं ताईचं म्हणणं होतं. फरकाची रक्कम पाहिल्यावर तिनं ते स्वतःच मागे घेतलं.

रिपोझिशनिंग क्रूझ ज्यांना नवी आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. उन्हाळाभर भूमध्य समुद्रात फिरणारी जहाजं हिवाळ्यासाठी कॅरिबियनकडे जातात आणि एप्रिल-मेमध्ये परत येतात. जहाजाला जायचंच असतं, मग रिकामं कशाला न्यायचं म्हणून केबिन स्वस्तात निघतात. सलग सहा-सात दिवस नुसतं पाणी असतं आणि शाळकरी मुलांच्या घरांना या तारखा चालत नाहीत, म्हणून मागणीही कमी. रोजच्या हिशेबानं हे भाडं बऱ्याचदा बऱ्या हॉटेलपेक्षा कमी पडतं. पण जहाज एका खंडात चढवतं आणि दुसऱ्या खंडात उतरवतं. तिकडे वाचलेले पैसे विमानवाले इकडे वसूल करतात.

वसूल कसे करतात, ते डिसेंबरभर पाहिलं. बहुतेक कंपन्या साधारण ३३० ते ३६० दिवस आधी बुकिंग उघडतात, त्यामुळे नोव्हेंबरच्या मध्याच्या तारखा डिसेंबरपासून दिसू लागल्या. स्वस्त कंपन्या प्रत्येक फेरीचं भाडं वेगळं लावतात, त्यांच्याकडे एकेरी म्हणजे साधारण निम्मं. पण लांब पल्ल्याच्या मोठ्या कंपन्यांचं एकेरी भाडं जाऊन-येऊन भाड्याच्या निम्मं सहसा नसतं. पाऊणपट म्हणजे नशीब. कधीकधी तर एकेरी हे जाऊन-येऊनपेक्षाही महाग दिसतं. एकेरी घेणारा माणूस नोकरीवर रुजू होणारा किंवा अडलेला असतो, तो देतोच पैसे, असा यामागचा हिशेब.

इथे नागपुरात बर्डीवरच्या एका ओळखीच्या एजंटला विचारलं, त्यानं दोन एकेरी तिकिटं जोडून आकडा सांगितला. ताई म्हणाली, "काहून एवढं खोदून राहिली तू? देऊन टाक ना त्याला." मी म्हटलं, थांब जरा.

मल्टि-सिटी हा पर्याय आपल्यापैकी अनेकजण उघडतच नाहीत. नागपूर ते बार्सिलोना आणि मायामी ते नागपूर, दोन्ही एकाच तिकिटावर. याला ओपन जॉ म्हणतात. यात कंपनी दोन वेगवेगळ्या जाऊन-येऊन भाड्यांची निम्मी-निम्मी बेरीज करते. समजुतीसाठी आकडे घेऊ: समजा बार्सिलोना जाऊन-येऊन ७० हजार आणि मायामी जाऊन-येऊन १ लाख १० हजार आहे. ओपन जॉ येईल ९० हजारांच्या आसपास. तेच दोन एकेरी घेतले आणि ते ५० आणि ८० हजारांना पडले, तर १ लाख ३० हजार. वरच्या ४० हजारांत आतल्या केबिनचं एका माणसाचं भाडं बरंचसं निघतं. अट एवढीच की दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या किंवा तिच्या भागीदारांच्या असाव्यात.

इथे नागपूरकरांना एक फायदा आहे. सोनेगावच्या विमानतळावरून कतार एअरवेजचं दोह्याला थेट विमान आहे, आणि हीच कंपनी दोह्याहून बार्सिलोनालाही जाते, मायामीलाही. म्हणजे मुंबई-दिल्लीला न शिवता, एका पीएनआरवर, घरून बॅग टाकायची ती थेट बार्सिलोनाला काढायची. विमान अपरात्रीचं आहे, पण सोनेगाव काही लांब नाही, रात्री जेवून निवांत निघता येतं. तारीख ठरवण्याआधी वेळापत्रकात वार मात्र बघून घ्या.

शोधताना एक गोष्ट बारकाईनं करा. आम्ही दोघी, म्हणून मी आधी "प्रवासी २" टाकूनच शोधत होते. त्याच तारखेला "प्रवासी १" टाकलं तर आकडा उतरला. पुन्हा २ टाकलं, पुन्हा चढला. कारण विमानातल्या जागा भाड्याच्या गटांत वाटलेल्या असतात. स्वस्त गटात एकच जागा उरली असेल आणि तुम्ही दोन मागितल्या, तर यंत्रणा दोन्ही जागा वरच्या गटातून काढते. अशा वेळी एक तिकीट स्वस्त गटातून आणि दुसरं वरच्या गटातून, असं वेगवेगळं घ्यावं. आमचं तसंही वेगळंच होणार आहे, कारण ताईची लेक न्यू जर्सीला असते. ताई फ्लोरिडाहून तिच्याकडे जाणार आणि जानेवारीत न्यूयॉर्कच्या जेएफकेहून परतणार. तिचं मल्टि-सिटी नागपूर–बार्सिलोना आणि जेएफके–नागपूर. मधलं फ्लोरिडा–न्यू जर्सी हे अमेरिकेतलं विमान वेगळं. अमेरिकेत देशांतर्गत एकेरीला दंड नाही, प्रत्येक फेरीचा भाव स्वतंत्र असतो, म्हणून त्याची मला काळजी नाही.

मीही ताईच्या मागे न्यू जर्सीपर्यंत जाऊन तिथून परतावं का, हे तपासतेय. न्यूयॉर्कहून भारताकडे कंपन्या जास्त, चढाओढ जास्त, त्यामुळे मायामीपेक्षा भाव उतरण्याची शक्यता असते. पण त्यात देशांतर्गत तिकीट आणि बॅगेचे पैसे मिळवले की फरक आटतो. अजून निकाल नाही.

मुंबईमार्गे जाण्याचा पर्याय कागदावर स्वस्त दिसतो. दुरांतोनं रात्री निघायचं, सकाळी सीएसएमटी, संध्याकाळी सहारहून विमान. रेल्वेचा मला विश्वास वाटतो, देशांतर्गत विमानाचा कमी. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा वेगळ्या पीएनआरवर पुढचं आंतरराष्ट्रीय विमान असलेल्यांचं काय झालं असेल, याचा विचार करा. वेगळं तिकीट म्हणजे पहिलं विमान चुकवलं की दुसऱ्या कंपनीवर तुमची काहीही जबाबदारी नाही. शिवाय आता शोधताना विमानतळाची तीन अक्षरं वाचायलाच हवीत. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झालंय. नागपूरहून विमान एनएमआयला (नवी मुंबई) उतरणार आणि पुढचं बीओएमहून (मुंबईचं जुनं विमानतळ) सुटणार, असं जोडकाम यंत्रणा तुम्हाला निरागसपणे करून देईल. पनवेलच्या बाजूनं अंधेरीपर्यंत बॅगा घेऊन जायचं, तेही मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये. सांताक्रूझचं टी-१ आणि सहारचं टी-२ यांतला घोळ तर जुनाच.

एक सल्ला मला वारंवार मिळतो: जाऊन-येऊन घे आणि परतीचं सोडून दे. एकेरीपेक्षा ते स्वस्त पडतं हे खरं. पण बहुतेक कंपन्यांच्या अटींमध्ये हे बसत नाही, त्या फरक मागू शकतात, माइल्स (त्यांच्याकडे जमलेले तुमचे पॉइंट्स) काढून घेऊ शकतात. उलट तर मुळीच करू नका: पहिला टप्पा सोडला की पुढचं सगळं तिकीट आपोआप रद्द होतं. ओपन जॉ असताना मला या भानगडीत पडायची गरजच वाटत नाही.

पॉइंट्सचं गणित वेगळं आणि एकेरीला फार सोयीचं. बहुतेक माइल्स कार्यक्रमांत एका दिशेचं तिकीट निम्म्या माइल्समध्ये मिळतं, तिथे एकेरीचा दंड नाही. क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स विमान कंपनीकडे वळवता येत असतील तर ते परतीच्या, म्हणजे महागड्या बाजूला वापरायचे आणि जायचं तिकीट रोखीनं, असा एक आराखडा मी बाजूला ठेवलाय. दोन सावधगिरी: तिकिटावरचे कर आणि अधिभार तरीही द्यावे लागतात, आणि जागा प्रत्यक्ष दिसल्याशिवाय पॉइंट्स वळवू नयेत. वळवलेले परत येत नाहीत.

तारखांबद्दल. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे आमचं अटलांटिकच्या मधोमध. जहाजावर उघडी ज्योत चालत नाही, मेणबत्तीसुद्धा नाही, म्हणून बॅटरीच्या पणत्या घेतल्यात. पण मुद्दा भाड्याचा आहे. दिवाळीआधी मुंबई-पुण्याहून नागपूरकडे येणाऱ्या विमानांचे आणि ट्रॅव्हल्सचे भाव काय होतात हे आपल्याला माहीत आहे. आम्ही त्या गर्दीत नाही, कारण परततो ती दिवाळी संपून. डिसेंबरपर्यंत लांबवलं तर मात्र हिवाळी अधिवेशन आडवं येतं आणि मुंबई–नागपूर विमान पुन्हा वर जातं. दोह्यामार्गे थेट आलं की या दोन्हींशी संबंध उरत नाही.

पश्चिमेकडे जाणाऱ्या फेरीला माझं मत आणखी एका कारणानं. बार्सिलोना आणि फ्लोरिडात सहा तासांचा फरक आहे, तो जहाजावर थोडा थोडा कापला जातो. रात्री घड्याळ एक तास मागे, म्हणजे तो दिवस २५ तासांचा, असं सहा वेळा. वसंतात उलट दिशेनं गेलं तर २३ तासांचे दिवस, रोज झोपमोड.

व्हिसाशिवाय यातलं काही खरं नाही. अमेरिकेचा बी१/बी२, म्हणजे पर्यटक व्हिसा, आम्हा दोघींकडे आधीचा आहे, नसता तर मी हा मार्ग सुचवलाच नसता. जहाजानं उतरायचं असलं तरी तो लागतोच, नसेल तर बार्सिलोनाच्या बंदरावर जहाजात चढूच देत नाहीत. शेंगेनचा (स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकत्रित व्हिसाचा) अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांच्या आत करता येतो, म्हणजे आमची खिडकी एप्रिलच्या शेवटी उघडणार. फी ९० युरो, स्पेनचं काम मुंबईत बीएलएस या व्हिसा केंद्राकडे. अर्जात युरोपातून बाहेर कसं पडणार याचा पुरावा मागतात आणि तिथे परतीचं विमान नसून जहाजाचं बुकिंग असतं. म्हणून जहाजाचं कन्फर्मेशन, त्यातला बंदरांचा क्रम आणि मायामीहूनचं तिकीट हे एकत्र लावून, वर अर्ध्या पानाचं पत्र जोडायचं ठरवलंय. चेक-इन काउंटरवरही हाच गठ्ठा हातात ठेवायचा. युरोपचं परतीचं तिकीट नाही म्हटलं की तिथला माणूस थबकतो, आणि मोबाईलमध्ये पीडीएफ शोधत बसण्यापेक्षा कागद पुढे केलेला बरा.

बंदराला किती आधी पोचायचं यावर ताईचं नि माझं अजून जमलेलं नाही. तिला एक रात्र पुरेशी वाटते, मला दोन हव्यात. जहाज थांबत नाही, चेक-इन सुटण्याच्या तास-दीड तास आधीच बंद होतं. २३ जून २०२५ ला कतारनं काही तासांसाठी आकाश बंद केलं तेव्हा दोह्यामार्गे जाणारे हजारो जण वाटेत अडकले. काही तासांचा बंद निस्तरायला दिवस लागतात. आखाताच्या विमानतळावरून जोडविमान असेल तर दुसरी रात्र हा खर्च मी भाड्यातच धरते. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात ईईएस ही सीमेवरच्या नोंदणीची नवी यंत्रणा सुरू झालीय, पहिल्यांदा गेलात की बोटांचे ठसे आणि फोटो, म्हणजे रांग.

उतरायच्या बाजूला उलट काळजी. जहाज पहाटे लागतं, पण उतरायला नऊ-साडेनऊ होतात, म्हणून दुपारच्या आधीचं विमान मी पाहतच नाही. फोर्ट लॉडरडेलचं बंदर त्याच गावच्या विमानतळाला अगदी चिकटून आहे, ताई टॅक्सीनं काही मिनिटांत पोचेल. मला मायामी विमानतळ गाठायचाय, तिथे ट्राय-रेल ही लोकल गाडी जाते. दोन बॅगा घेऊन ते कितपत जमतं, हे कुणी केलं असेल तर सांगा. बॅगांवरून आठवलं: युरोपहून अमेरिकेकडे जहाजावर वजनाची चिंता नसते, पण विमानात जाताना किलो मोजतात आणि अमेरिकेहून येताना नग. जातानाचंच बंधन पकडून भरा. आणि संत्रा बर्फी बार्सिलोनाला नेऊ नका, दुधाचे पदार्थ युरोपात बाहेरून नेता येत नाहीत. चिवडा चालतो.

पैशांची एक छोटी बाब. नुसतं विमानाचं तिकीट घेतलं तर टीसीएस (विक्रेत्यानं बिलातच वसूल केलेला आगाऊ आयकर) नाही. एजंटनं विमान आणि हॉटेल जोडून परदेशी पॅकेज केलं की लागतो. आयकर विवरणात तो वळता होतो, पण तोवर अडकून राहतो. डॉलरमधल्या व्यवहारावर कार्डाचा मार्कअप (बँकेचा जादा आकार) आणि त्यावर जीएसटी, तो धरूनच दोन भाडी ताडून पाहा.

सध्या मल्टि-सिटीचे दोन आराखडे, मायामीहून आणि जेएफकेहून, दर रविवारी सकाळी एकेका प्रवाशाचे आणि दोघींचे पाहते आणि वहीत उतरवते. जहाजाचं डिपॉझिट परत मिळणारं घेतलंय, अंतिम रक्कम भरायची तारीख ऑगस्टमध्ये. विमान त्याआधी, शेंगेनच्या अपॉइंटमेंटच्या आसपास घ्यायचं. ताईनं तोवर बॅग आणायला इतवारीत जायचं ठरवलंय.