मामांच्या गडभ्रमंतीचं लिखाण सगळीकडे उघडलं, त्याची गोष्ट

मामांनी गडकिल्ल्यांच्या भटकंतीवर लिहिलेल्या नोंदी नव्वदच्या दशकात नारायण पेठेतल्या एका डीटीपी केंद्रात टाइप झाल्या होत्या. पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रामची फाइल, सीडीवर जपलेली. मामेबहीण म्हणाली, "दादा, आईच्या टॅबवर, माझ्या आयफोनवर आणि मामांच्या भोरच्या शाळेतल्या जुन्या विंडोजवर, तिन्हीकडे हे वाचता आलं पाहिजे."

फाइल उघडली ती त्याच केंद्रात, त्यांनी चालू ठेवलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर. तिथल्या काकांनी मजकूर वेगळा काढून दिला. माझ्या लॅपटॉपवर मात्र त्यात मराठीचं एक अक्षर दिसेना, नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, पण पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं. म्हणून पुण्यातच घडलेल्या श्रीलिपीसारख्या पद्धतींमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. काना एकीकडे, अर्धा त दुसरीकडे. तो फाँट नसेल तर मागे नुसती रोमन अक्षरं उरतात. कितीतरी दिवाळी अंक आणि स्मरणिका अजून अशाच फाइलींत अडकलेल्या आहेत, याची मला मनापासून काळजी वाटते.

बरेच जण जुन्या फाइलीची पीडीएफ काढून थांबतात. फाँट फाइलीच्या आत बसवलेला (एम्बेड केलेला) असेल तर ती सगळीकडे सारखी दिसते, हे खरं. पण त्यात 'राजगड' शोधलं तर सापडत नाही, आणि फोनवर अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. सत्तरी ओलांडलेल्या मामींनी ओळीओळीला पान डावीउजवीकडे सरकवत बसायचं, हे मला पटणारं नव्हतं.

तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये आणणं आलंच. त्यासाठी त्याच फाँटचा कन्व्हर्टर लागतो, दुसऱ्याचा चालत नाही. शिवाय जुन्या फाइलीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी नोंदलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलटं. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर इथेच घसरतो. छापील प्रत शेजारी ठेवून आम्ही दोघांनी ओळ न ओळ वाचली. सह्याद्रीतल्या 'दऱ्या' कित्येक ठिकाणी 'दर्या' झाल्या होत्या! शब्दतपासणीला अशी चूक कळत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. 'ॲल्युमिनियमचा टोप' शोधताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. 'ॲ' हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी 'अ'वर वेगळा चंद्र देत. दिसायला दोन्ही एकच, कॉम्प्युटरला निराळी, म्हणून शोध अर्धवट लागतो. आम्ही सगळीकडे एकसंध 'ॲ' घेतला.

बाकीचं काम लिबरऑफिस या मोफत लेखन-प्रोग्राममध्ये पटकन झालं. मजकुराची भाषा मराठी निवडली आणि 'टिरो देवनागरी मराठी' हा मोफत फाँट घेतला; त्यातले ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. टॅब आणि फोनसाठी ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल काढली, कारण त्यात अक्षर मोठं केलं की ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे नव्यानं लागतात. शाळेसाठी पीडीएफ/ए, म्हणजे दीर्घकाळ जपण्यासाठीचा पीडीएफचा प्रकार, त्यात फाँट फाइलीच्या आत असणं बंधनकारकच असतं. फाइलींची नावं रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवली, कारण देवनागरी नावाची फाइल झिपमधून जाताना कधीकधी नाव बिघडतं.

तपासणी माझ्या लॅपटॉपवर करण्यात अर्थ नव्हता, तिथे फाँट आधीच होता. 'दऱ्या', 'हृषीकेश', 'किर्र', 'ॲल्युमिनियम' असे अवघड शब्द एका पानावर घेतले आणि तेच पान आधी तिन्हीकडे पाठवलं. ते नीट उमटल्यावरच पूर्ण फाइल दिली. मामींनी अक्षर भरपूर मोठं करून हरिश्चंद्रगडाचं प्रकरण एका बैठकीत वाचलं. भोरच्या सरांनी पीडीएफची प्रिंट काढून वाचनालयात लावली.

त्यांना त्यातला एक उतारा हवा होता. तो पीडीएफमधून कॉपी केला तर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटली. मूळ मजकूर युनिकोडमध्ये असला तरी देवनागरीच्या पीडीएफमध्ये असं पुष्कळदा होतं. म्हणून उतारा मी लिबरऑफिसच्या मूळ ओडीटी फाइलीतून पाठवला. ही फाइल आता बहिणीकडे, माझ्याकडे आणि शाळेत अशी तीन ठिकाणी आहे. दुरुस्ती फक्त तिच्यात करायची आणि ईपब, पीडीएफ दर वेळी नव्यानं काढायचे, असं ठरलं आहे.